दूरच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीन कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये आहे, हातात फक्त एसएसएच (दुरून कमांड देण्याची सुरक्षित जोडणी) आहे आणि तिथे जाऊन मॉनिटर-कीबोर्ड जोडणं शक्य नाही. अशा मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीमची मोठी आवृत्ती बदलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक डेबियन आणि उबंटूची आहेत. रेड हॅट कुळातल्या आणि बीएसडी सिस्टीम्सबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

सर्व्हर व्यवस्थित चालू आहे. मग अपग्रेड कशाला करायचं?

मुदत संपली की सुरक्षा-अपडेट यायचे थांबतात, म्हणून. रेड हॅट कुळातल्या सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. सेंटओएस ८ ची तर त्याआधीच, २०२१ च्या अखेरीस. शिवाय उशीर केल्याने काम वाढतच जातं. दोन-तीन आवृत्त्या मागे पडलेलं मशीन एकेक पायरी चढवत आणावं लागतं. प्रत्येक पायरीला किमान एक रीबूट येतो, आणि दूरच्या मशीनचा प्रत्येक रीबूट ही जोखीम असते.

आहे तेच मशीन अपग्रेड करू, की नवीन सर्व्हर उभा करून सगळं तिकडे हलवू?

व्हर्च्युअल मशीन असेल आणि थोडे दिवस दुसरं मशीन घेणं परवडत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: नवीन उभं करा. नव्या मशीनवर सगळं बसवा, तपासा, डेटा आणा, मग डीएनएस किंवा आयपी वळवा. काही बिघडलं तर जुनं मशीन जसंच्या तसं चालू असतं, इतकी भक्कम परतीची वाट दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत मिळत नाही.

पण प्रत्यक्ष हार्डवेअर भाड्याने घेतलेलं असेल, डेटा टेराबाइट्समध्ये असेल किंवा आयपी पत्ता सोडता येत नसेल, तर आहे त्याच जागी अपग्रेड करावं लागतं. पुढची सगळी उत्तरं या दुसऱ्या परिस्थितीसाठी आहेत.

सुरुवात कुठून करायची?

परतीच्या वाटेपासून. एसएसएच चालण्यासाठी कर्नल (सिस्टीमचा गाभा), नेटवर्क, फायरवॉल आणि खुद्द एसएसएच सर्व्हर हे चारही धड असावे लागतात. अपग्रेडमध्ये नेमके हे चारही बदलतात. त्यामुळे या चारांपैकी कशावरही अवलंबून नसलेला एक तरी रस्ता हाताशी हवा.

व्हर्च्युअल मशीन असेल तर बहुतेक पुरवठादारांच्या कंट्रोल पॅनलमध्ये ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल असतो. प्रत्यक्ष सर्व्हरमध्ये आयपीएमआय असतं: डेलच्या मशीनवर त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीच्या मशीनवर आयएलओ. ते मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपवर चालतं, म्हणून मुख्य सिस्टीम मेलेली असली तरी मशीन बंद-चालू करता येतं आणि स्क्रीन पाहता येतो. याखेरीज अनेक पुरवठादार रेस्क्यू मोड देतात: मशीन नेटवर्कवरून एका छोट्या लिनक्सवर बूट होतं आणि आपल्या डिस्क तिथून माउंट करता (जोडून वाचता) येतात.

कन्सोल आहे हे माहीत असणं पुरेसं नाही. तो उघडा. लॉगिन प्रॉम्प्टवर खरोखर लॉगिन करून बघा. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: आपण वर्षानुवर्षं एसएसएच की (पासवर्डऐवजीची डिजिटल किल्ली) वापरून आत येतो आणि खात्याला पासवर्डच नसतो, किंवा असला तरी आठवत नाही. कन्सोलवर की चालत नाही. सिस्टीम आपत्कालीन मोडमध्ये अडकली तर ती रूटचा पासवर्ड मागते, आणि रूट खातं लॉक असेल तर कन्सोल समोर असूनही आत जाता येत नाही. म्हणून अपग्रेडपूर्वी रूटला एक चांगला पासवर्ड द्या. एसएसएचमधून पासवर्डने रूट लॉगिन मात्र बंदच ठेवा. पासवर्डात चमत्कारिक चिन्हं घालू नका, कारण ब्राउझरमधल्या कन्सोलवर कीबोर्डची मांडणी वेगळी निघू शकते.

रेस्क्यू मोडही एकदा सुरू करून पाहावा. आपल्या डिस्क त्यात दिसतात का, रेड (अनेक डिस्क्स मिळून एक) किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था) असेल तर ते जुळतं का, रूट पार्टिशन माउंट करून त्यात सीएचरूट करता (तीच चालू सिस्टीम समजून आत शिरता) येतं का, हे शांत वेळी करून ठेवा आणि लागलेल्या कमांड्स लिहून ठेवा.

कन्सोल नाही, आयपीएमआयही नाही. तरी करता येईल का?

रेस्क्यू मोड असेल तर येईल. तोही नसेल, तर आधी पुरवठादाराला विचारा. काही जण मागितल्यावर काही तासांसाठी केव्हीएम (दुरून स्क्रीन-कीबोर्ड वापरू देणारं उपकरण) जोडून देतात. यातलं काहीच मिळत नसेल तर माझा सल्ला नवीन मशीन घेण्याचाच आहे.

करायचंच ठरलं, तर मशीनने स्वतःहून सावरावं अशी तजवीज करता येते. ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्राममध्ये) डीफॉल्ट नोंद ‘सेव्हड’ ठेवायची, जुना कर्नल कायमचा निवडलेला ठेवायचा आणि ग्रब-रीबूट कमांडने नवा कर्नल फक्त एका बूटपुरता निवडायचा. नव्या कर्नलच्या ओळीत पॅनिक=३० घातलं की तो कोसळल्यावर तीस सेकंदांत मशीन पुन्हा सुरू होतं आणि जुन्यावर येतं. कर्नल उठला पण नेटवर्क आलं नाही, यासाठी बूटनंतर चालणारी एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: दहा मिनिटांत गेटवेला पिंग गेला नाही तर रीबूट. जुन्या कर्नलवरही नेटवर्क नसेल तर मशीन गोल गोल रीबूट होत राहील, म्हणून ही स्क्रिप्ट एकदाच चालेल अशी खूण तिच्यात ठेवा.

यात एक खाच आहे. एका बूटपुरती केलेली निवड पुसायला ग्रबला त्याच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये लिहावं लागतं. बूट डिरेक्टरी सॉफ्टवेअर रेडवर किंवा एलव्हीएमवर असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही, आणि ‘एकदाच’ म्हणून निवडलेला कर्नल दर वेळी येत राहतो. तुमची मांडणी तशी असेल तर या युक्तीवर विसंबू नका.

स्नॅपशॉट घेतला आहे. बॅकअप वेगळा लागेल का?

लागेल. स्नॅपशॉट त्याच पुरवठादाराकडे, बऱ्याचदा त्याच स्टोरेजवर असतो. पटकन मागे फिरायला तो उत्तम, पण मशीनबाहेर, दुसऱ्या जागी एक प्रत हवीच. डेटाबेस चालू असताना घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये मशीनची वीज अचानक गेल्यावर असते तशी अवस्था पकडली जाते, म्हणून डेटाबेसचा डंप निराळा घ्या. एलव्हीएम स्नॅपशॉट घेत असाल तर बूट पार्टिशन त्याच्या बाहेर आहे का ते बघा. बहुधा असतंच, आणि त्याची प्रत वेगळी काढावी लागते.

ईटीसी (सेटिंग्जच्या फाइल्सची) डिरेक्टरी, पॅकेजेसची यादी, पार्टिशन टेबल आणि सध्याचे नेटवर्कचे पत्ते व राउट्स एका फाइलमध्ये घेऊन आपल्या संगणकावर आणून ठेवा. मशीन उठत नसताना हीच फाइल सर्वांत जास्त उपयोगी पडते.

डेबियन १० वरून थेट १२ वर जाता येतं का?

नाही. डेबियनमध्ये एका वेळी एकच पायरी: १० वरून ११, ११ वरून १२, १२ वरून १३. मधली गाळणं अधिकृतपणे समर्थित नाही आणि त्यात अवलंबनांचा गुंता होतो. उबंटूत एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) वरून पुढच्या एलटीएसवर जाता येतं, पण २०.०४ वरून थेट २४.०४ नाही, मध्ये २२.०४ घ्यावंच लागतं. नवं एलटीएस आलं की लगेच जुन्याला त्याची सूचना मिळत नाही, त्याची पहिली पॉइंट आवृत्ती (दुरुस्त्या एकत्र केलेली) आल्यावर मिळते. दूरच्या मशीनसाठी ही थांबण्याची सवय चांगलीच आहे.

अपग्रेडच्या आदल्या दिवशी काय करून ठेवायचं?

सगळ्यात आधी जुनीच आवृत्ती पूर्ण अद्ययावत करा आणि मशीन एकदा रीबूट करा. वर्ष-दीड वर्ष न बंद झालेल्या मशीनमध्ये काय काय साचलेलं असतं ते रीबूटशिवाय कळत नाही: कुणीतरी हाताने चालू केलेली पण बूटला न जोडलेली सेवा, फक्त मेमरीत असलेला फायरवॉलचा नियम, काढून टाकलेल्या डिस्कची एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कच्या यादीत) राहिलेली ओळ. ही दुखणी जुन्या आवृत्तीवरच बाहेर आली तर अपग्रेडवर खापर फुटत नाही आणि शोधही सोपा जातो. वेळेचा ताण असताना ही पायरी वगळण्याचा मोह होतो. माझ्या मते वगळू नये अशी हीच पहिली पायरी आहे.

मग डिस्कवरची जागा बघा. रूट आणि व्हार तर बघाच, पण बूट पार्टिशन जास्त फसवतं. ते लहान असतं, जुन्या कर्नल्सनी भरलेलं असतं, आणि नवी इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नल वापरतो ती छोटी फाइलसिस्टीम) अर्धवट लिहिली गेली तर मशीन बूटच होत नाही. चालू कर्नल आणि त्याआधीचा एक ठेवून बाकीचे काढा.

डीपीकेजी ऑडिट चालवून अर्धवट बसलेलं पॅकेज नाही ना ते पाहा. ॲप्ट-मार्क शोहोल्डने कुठलं पॅकेज रोखून ठेवलेलं नाही ना ते पाहा. बाहेरच्या रिपॉझिटरीज बंद करा. आणि आवृत्तीची रिलीज नोट्स खरोखर वाचा, विशेषतः माहीत असलेल्या अडचणींचं प्रकरण. डेबियन १२ मध्ये फर्मवेअरसाठी वेगळा विभाग निघाला. सोर्सेसच्या यादीत जुना ‘नॉन-फ्री’ तेवढा ठेवला तर नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर पुढे अपडेटच होत नाही. डेबियन १३ मध्ये ईटीसीतली सिसकंट्रोल.कॉन्फ ही कर्नलच्या सेटिंग्जची फाइल बूटच्या वेळी वाचली जात नाही, आणि टेंप डिरेक्टरी डिस्कऐवजी मेमरीत जाते. ज्याच्या राउटिंगची मदार त्या एका फाइलवर आहे, त्याला हे रीबूटनंतर कळून उपयोग नाही.

मध्येच एसएसएच तुटलं तर?

टीमक्स किंवा स्क्रीन (जोडणी तुटली तरी सेशन चालू ठेवणारे प्रोग्राम) यांच्या आत काम करत असाल तर काही बिघडत नाही. पुन्हा आत या, सेशनला जोडून घ्या, काम चालूच असेल. त्यांच्याशिवाय अपग्रेड सुरू करूच नका. पॅकेजेस अर्धवट उलगडलेली असताना टर्मिनल गेलं तर सिस्टीम ना धड जुनी ना धड नवी अशी लटकते.

उबंटूचं डू-रिलीज-अपग्रेड स्वतःच स्क्रीनमध्ये चालतं आणि एसएसएचमधून सुरू केलं असेल तर १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर एक जादा एसएसएच सर्व्हर चालू करतं. फायरवॉलमध्ये ते पोर्ट आपल्याला उघडावं लागतं, तेही दोन्हीकडे: मशीनवरच्या आणि पुरवठादाराच्या पॅनलमधल्या. डेबियनवर हीच सोय हाताने करता येते. दुसरं एक एसएसएच सेशन शेवटपर्यंत उघडं ठेवा. एसएसएच सर्व्हर नव्याने सुरू झाला तरी आधीची उघडी सेशन्स सहसा जिवंत राहतात.

स्क्रिप्ट कमांडने सगळं आउटपुट फाइलमध्ये उतरवा. शेकडो पॅकेजेसच्या ओळी धावत असताना मध्येच आलेला ग्रबचा इशारा डोळ्यांतून सुटतो, फाइलमधून सुटत नाही.

कॉन्फिगरेशन फाइलबद्दल विचारलं की काय उत्तर द्यायचं?

एसएसएच, नेटवर्क, फायरवॉल, एफएसटॅब, सुडो आणि ग्रब या फाइल्स तुम्ही बदललेल्या असतील तर आपली जुनीच ठेवा. तेच डीफॉल्ट उत्तर असतं. पॅकेजची नवी फाइल शेजारी डीपीकेजी-डिस्ट या शेपटीसह राहते. नंतर दोन्हींतला फरक बघून सावकाश मिळवा. बाकी फाइल्समध्ये फरक बघून ठरवा.

एसएसएचची जुनी फाइल ठेवली तरी नव्या सर्व्हरला ती मान्य आहे का, हे तपासावं लागतं. एसएसएचडी वजा टी ही कमांड काहीही न छापता संपली तर फाइल ठीक आहे.

रीबूटनंतर नेटवर्क का जातं?

बहुतेक वेळा कार्डाचं नाव बदलतं म्हणून. कॉन्फिगरेशनमध्ये ‘ईथ०’ लिहिलेलं असतं आणि नवी सिस्टीम त्याच कार्डाला ‘ईएनपी३एस०’ म्हणते. आयपी पत्ता कुठल्याच कार्डाला लागत नाही आणि मशीन आत निवांत चालू असूनही बाहेरून मेल्यासारखं दिसतं. यूडेव्ह या उपकरणांना नावं देणाऱ्या सेवेच्या जुन्या नियमांची फाइल वर्षानुवर्षं नावं टिकवत होती, पण डेबियन १० पासून तिचा आधार उरलेला नाही. नंतरच्या आवृत्त्यांतही सिस्टमडीच्या (सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) नाव ठरवण्याच्या पद्धतीत बारीक फरक होत आले आहेत.

उपाय दोन आहेत. पहिला, नाव बूटनंतर काय असेल ते आधीच विचारायचं: नवी पॅकेजेस बसल्यावर, रीबूटच्या आधी, यूडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टइन ही कमांड त्या कार्डावर चालवली की नवी सिस्टीम त्याला काय म्हणणार आहे ते ती छापते. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो: नावावर अवलंबून राहायचंच नाही. सिस्टमडीच्या नेटवर्क डिरेक्टरीत एक लिंक फाइल ठेवून मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) आपल्याला हवं ते नाव पक्कं करायचं. ‘लॅन०’सारखं नवं नाव द्या, ‘ईथ०’ देऊ नका, कारण कर्नलही तीच नावं वाटत असतो आणि दोघांची टक्कर होते. नेटप्लॅन (उबंटूची नेटवर्क मांडण्याची पद्धत) असेल तर त्यातही मॅकवरून जुळवता येतं. इनिटरामएफएस नव्याने बांधायला विसरू नका, कारण नाव ठरवण्याचं काम तिथेच सुरू होतं.

नेटप्लॅनमध्ये बदल करताना थेट ‘अप्लाय’ न करता ‘ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो बदल मागे घेतो. फायरवॉलसाठी हेच काम आयपीटेबल्स-अप्लाय करतं.

ग्रबचा काय प्रश्न असतो?

बायॉसवर बूट होणाऱ्या मशीनवर ग्रबचा एक भाग डिस्कच्या सुरुवातीला असतो आणि उरलेले मॉड्यूल्स बूट डिरेक्टरीत. पॅकेज अपग्रेड झालं की मॉड्यूल्स नवे होतात, पण सुरुवातीचा भाग चुकीच्या डिस्कवर लिहिला गेला तर तो जुनाच राहतो, आणि मशीन ग्रबच्या रेस्क्यू प्रॉम्प्टवर थांबतं. जुलै २०२० मध्ये बूटहोल या ग्रबमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या दुरुस्तीनंतर ‘ग्रब_कॅलॉक सापडत नाही’ असा संदेश देऊन अनेक मशीन्स अशीच अडकली होती. व्हर्च्युअल मशीनची प्रत काढून बनवलेल्या किंवा डिस्क बदललेल्या सर्व्हरवर हे जास्त संभवतं, कारण पॅकेजच्या लेखी जुन्याच डिस्कची नोंद असते. डीपीकेजी-रीकॉन्फिगर करून योग्य डिस्क निवडा. दोन डिस्क्सचं रेड असेल तर दोन्हीवर ग्रब बसवा.

रीबूटची कमांड देण्याआधी नेमकं काय काय पाहायचं?

इथे घाई नको. पॅकेजेस बसून झाली तरी जुना कर्नल चालू आहे, सेशन उघडं आहे, म्हणजे अजून सगळं दुरुस्त करता येतं. एकदा रीबूट दिला की ही मुभा जाते. मी ज्या क्रमाने पाहतो तो असा.

आधी डीपीकेजी ऑडिट: एकही ओळ छापली जायला नको. मग बूट डिरेक्टरीत नव्या कर्नलच्या क्रमांकाची इनिटरामएफएस आहे का, तिचा आकार जुनीच्या आसपास आहे का. काही किलोबाइट्सची निघाली तर जागा संपलेली होती असं समजा. एलएसइनिटरामएफएसने तिच्यात डिस्क कंट्रोलरचं, रेडचं मॉड्यूल दिसतं का. फाइंडमाउंटला एफएसटॅब पडताळायला लावा; ज्या डिस्कशिवाय सर्व्हर चालू शकतो, तिच्या ओळीत ‘नोफेल’ असू द्या, नाहीतर ती एक डिस्क न सापडल्याने सगळी सिस्टीम आपत्कालीन मोडमध्ये जाते. एसएसएच आणि नेटवर्कची सेवा बूटला जोडलेली आहे का. फायरवॉलचे नियम फाइलमध्ये जतन आहेत का आणि त्यात २२ क्रमांकाचं पोर्ट, किंवा तुमचं जे असेल ते, उघडं आहे का.

हे सगळं झालं की कन्सोल दुसऱ्या खिडकीत उघडा, आणि मग रीबूट करा. कन्सोल आधीच उघडा असेल तर बूटचे संदेश पहिल्यापासून दिसतात.

रीबूट दिला. पिंग येत नाही. किती थांबायचं?

व्हर्च्युअल मशीनसाठी दोन-तीन मिनिटं खूप झाली. प्रत्यक्ष सर्व्हरला भरपूर मेमरी आणि रेड कार्ड असेल तर हार्डवेअरची तपासणीच काही मिनिटं खाते, त्यात फाइलसिस्टीमची तपासणी निघाली तर आणखी. दहा-पंधरा मिनिटं द्या. तपासणी चालू असताना वीज तोडली तर नसलेलं दुखणं ओढवून घ्याल. कन्सोलवर काय दिसतंय त्यावरून ठरवा, घड्याळावरून नको.

पिंग येतोय, पण एसएसएच आत घेत नाही.

मग बरीच मोठी लढाई जिंकलेली आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर एसएसएच सर्व्हर उठलेला नाही. नुसतंच लटकलं तर फायरवॉल बघा. की नाकारली जात असेल तर सही करण्याच्या पद्धतीकडे बघा. ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, शा-१ वापरणारी जुनी ‘एसएसएच-आरएसए’ सही डीफॉल्ट बंद आहे. आरएसए की चालते, पण जुन्या क्लायंटला नवी सही करता येत नाही. डीएसए की तर ७.० पासूनच बंद आहे. अपग्रेडपूर्वीच एक ईडी२५५१९ की टाकून ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

डिस्क एन्क्रिप्टेड आहे आणि पासवर्ड दुरूनच द्यावा लागतो.

म्हणजे तुम्ही इनिटरामएफएसमध्ये ड्रॉपबेअर (छोटा एसएसएच सर्व्हर) वापरत असणार. डेबियन १२ मध्ये त्याच्या कॉन्फिगरेशनची जागा बदलली: आधी ईटीसीमध्ये ड्रॉपबेअर-इनिटरामएफएस अशी स्वतंत्र डिरेक्टरी होती, आता ड्रॉपबेअर डिरेक्टरीच्या आत इनिटरामएफएस आहे. तुमची की नव्या जागी आहे का आणि ती इनिटरामएफएसमध्ये उतरली आहे का, हे रीबूटआधी पाहा. कर्नलच्या ओळीत आयपीसोबत कार्डाचं नाव दिलं असेल तर नाव बदलण्याचा वरचा प्रश्न इथेही लागू होतो.

डेटाबेसचं काय होतं?

डेबियनवर पोस्टग्रेसची नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसते आणि डेटा जुन्यातच राहतो. पीजी_अपग्रेडक्लस्टर चालवून तो आपण हलवायचा असतो. त्याआधी ऑटोरिमूव्ह चालवू नका, नाहीतर जुना सर्व्हरच काढला जाऊ शकतो.

याहून कमी माहीत असलेला धोका अक्षरांच्या क्रमवारीचा आहे. जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत मजकुराचा क्रम लावण्याचे नियम बदलले. डेबियन ९ वरून १०, उबंटू १८.०४ वरून २०.०४ किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर गेलात की ही सीमा ओलांडली जाते. मजकुरावरचे जुने इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे असलेली ओळ शोधात सापडत नाही, आणि युनिक स्तंभात दुबार नोंदी घुसतात. काहीही त्रुटी दिसत नाही. म्हणून ही सीमा ओलांडताना मजकुरावरचे इंडेक्स नव्याने बांधा.

रेड हॅट, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी यांच्यात काय वेगळं?

रेड हॅटमध्ये लीप नावाचं साधन आहे. अल्मालिनक्सचं एलिव्हेट त्याच्यावरच उभं आहे. आधी ते तपासणीचा अहवाल देतं, तो गंभीरपणे घ्या. खरं अपग्रेड रीबूटनंतर एका खास इनिटरामएफएसमध्ये होतं आणि तेवढा वेळ एसएसएच नसतं. इथे कन्सोल नसेल तर बराच काळ आंधळेपणाने वाट पाहावी लागते.

फ्रीबीएसडीवर झेडएफएस ही फाइलसिस्टीम असेल तर दूरच्या अपग्रेडसाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. बीईसीटीएलने बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टीमची स्वतंत्र, बूट होणारी प्रत) तयार करून अपग्रेड त्यात करा आणि ते एका बूटपुरतंच सक्रिय करा. पुढच्या बूटला मशीन आपोआप जुन्यावर परत येतं. ओपनबीएसडीत ६.६ पासून, म्हणजे २०१९ पासून, सिसअपग्रेड ही कमांड आहे: संच उतरवते, विशेष कर्नलवर रीबूट होते, कुणी काही न विचारता अपग्रेड करते आणि परत येते. तिथेही एकावेळी एकच आवृत्ती.

नाहीच जमलं, तर जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं का?

पॅकेज मॅनेजरने नाही. डेबियन कुळात मागच्या आवृत्तीवर उतरणं समर्थित नाही, तो प्रयत्न करून मशीन आणखी बिघडवू नका. परतीचे मार्ग म्हणजे स्नॅपशॉट, बूट एन्व्हायर्नमेंट किंवा बॅकअपमधून पुनर्स्थापना. परत फिरलात तर मधल्या काळात आलेला डेटा जातो, म्हणून अपग्रेड चालू असताना लिहिणाऱ्या सेवा बंद ठेवा, आणि ‘इतक्या वाजेपर्यंत उठलं नाही तर परत फिरायचं’ ही वेळ सुरुवातीलाच ठरवा.

स्नॅपशॉट आणि जुना कर्नल कधी काढायचा?

दुसऱ्या रीबूटनंतर. पहिला रीबूट यशस्वी झाला तरी त्यानंतर तुम्ही कॉन्फिगरेशन मिळवता, रिपॉझिटरीज परत चालू करता, डेटाबेस हलवता. ते झाल्यावर एकदा स्वतःहून रीबूट करून मशीन परत येतंय ना ते पाहा. मग क्रॉनची कामं, मेल, प्रमाणपत्रांचं नूतनीकरण आणि बॅकअप यांचं एक पूर्ण चक्र होऊ द्या. नव्या सिस्टीमवर घेतलेला एक बॅकअप उघडून बघितल्यावर जुना स्नॅपशॉट काढायला हरकत नाही. रूटचा पासवर्ड आणि १०२२ क्रमांकाचं पोर्ट मात्र लक्षात ठेवून त्याच दिवशी बंद करा.